फोटो माझा, चेहरा कुणाचा?

(द्वितीय वर्ष, कला)

आपला चेहरा सगळ्या गावाला दिसतो. दिसत नाही तो फक्त आपल्याला. त्यासाठी आरसा लागतो, नाहीतर फोटो. आरसा बिचारा गरीब आहे. समोर जे असेल ते दाखवतो आणि आपण बाजूला झालो की विसरून जातो. फोटोचे तसे नाही. तो एकदा निघाला की आपल्या आधी कचेरीत जातो, आपल्या आधी साहेबांच्या टेबलावर जाऊन बसतो आणि आपण धापा टाकत तिथे पोहोचेपर्यंत आपल्याविषयी काय सांगायचे ते सांगून मोकळा झालेला असतो. म्हणून फोटो ही बाब हसण्यावारी नेण्यासारखी नाही, असे माझे मत झाले आहे. हे मत बनवण्यासाठी मला गेल्या वर्षी तीन फोटो, दोनशे नव्वद रुपये आणि एक लग्नाचा होकार एवढा खर्च आला. त्याचा तपशील पुढे येईलच.

आधी थोडा हिशेब. महाविद्यालयात पाऊल टाकल्यापासून आपण किती फोटो दिले, याची मी एकदा वहीच्या मागच्या पानावर बेरीज केली. प्रवेश अर्जाला दोन, ओळखपत्राला एक, ग्रंथालयाच्या कार्डाला एक, वसतिगृहाला तीन, एस.टी.च्या पासाला दोन, परीक्षेच्या अर्जाला एक, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला एक आणि बँकेच्या खात्याला दोन. शिष्यवृत्तीचे प्रकरण वेगळे. ते सोडून तेरा झाले. आमच्या घरात माझ्या आधी कुणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. त्यामुळे आमच्या घरच्या मागच्या तीन पिढ्यांचे सगळे फोटो एकत्र केले तरी ते तेराच्या आत बसतील!

आजोबांचा एकच फोटो भिंतीवर आहे. ते गेल्यानंतर दहाव्याला फोटो हवा म्हणून शोधाशोध झाली, तेव्हा कुणाच्या तरी लग्नातल्या समूहचित्रात ते मागच्या रांगेत उभे असलेले सापडले. तेवढा भाग कापून मोठा करून आणला. आजही त्या फोटोत आजोबांच्या डाव्या खांद्यावर एक हात दिसतो. तो कुणाचा, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. आजीचा आयुष्यातला पहिला फोटो मतदार ओळखपत्रासाठी निघाला. निवडणूक आयोगाने १९९३ साली फोटो असलेली मतदार ओळखपत्रे देण्याचा निर्णय घेतला नसता, तर आजीचा तो फोटोही निघाला नसता. आई-वडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की बालाघाटच्या डोंगराखालचे आमचे गाव निम्मे रिकामे होते. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' अशी नोंद असते. कोयत्याला फोटो लागत नाही.

अशा घरातून आलेल्या मुलीला फोटोचे अप्रूप असणारच. पण अप्रूप वेगळे आणि गरज वेगळी. आता फोटो ही आमची गरज झाली आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : ओळख पटवण्यासाठी काढलेला फोटो ओळख पटेल असाच असला पाहिजे. तो काढताना माणसाचा रंग, तीळ, व्रण बदलण्याचा अधिकार त्याला न विचारता कुणीही घेऊ नये. आणि जसा आहे तसा चेहरा घेऊन आलेल्या माणसाला 'चेहरा स्पष्ट नाही' म्हणून कुणी परतही पाठवू नये. वाचताना हे म्हणणे इतके साधे वाटते की त्यासाठी लेख कशाला, असे आपण म्हणाल. मलाही तसेच वाटत होते. पण मग शिष्यवृत्तीचा अर्ज आला.

अर्जाला 'अलीकडचा, रंगीत, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा' फोटो हवा होता. मी एस.टी. स्टँडजवळच्या एका स्टुडिओत गेले. काउंटरवरच्या गृहस्थांनी मान वर न करता पहिला प्रश्न विचारला, "स्थळासाठी की फॉर्मसाठी?"

वाचकहो, मुलींच्या आयुष्यातल्या फोटोंचे इतके नेमके वर्गीकरण मी कुठल्याही पाठ्यपुस्तकात वाचलेले नाही. मी म्हटले, "फॉर्मसाठी." त्यांचा चेहरा जरा उतरला, कारण स्थळाचा फोटो मोठा असतो आणि त्याचे पैसेही मोठे असतात.

आतल्या खोलीत एक आरसा, आरशाला सुतळीने बांधलेला कंगवा, पावडरचा डबा आणि खिळ्याला अडकवलेला एक काळा कोट होता. कोट पुरुषांसाठी. तो घातला की कुणीही माणूस सरकारी नोकरीला लागल्यासारखा दिसतो. पावडर मात्र सर्वांसाठी होती. मी ती लावली नाही, तेव्हा "लावा ताई, लाइटमध्ये चेहरा चमकतो" असा सल्ला मिळाला. मग स्टूल. मग सूचनांचा वर्षाव. "हनुवटी खाली. इतकी नाही. डावा खांदा मागे. कान दिसू द्या. डोळे मोठे करा. अहो, घाबरल्यासारखे नकोत. हसू नका. आता रागावल्यासारख्या दिसताय, थोडं हसा. दात नको!" या सर्व आज्ञा एकाच वेळी पाळणारा माणूस जन्माला यायचा आहे. मी शक्य तेवढ्या पाळल्या आणि नेमकी शिंक येणार असे वाटत असतानाच फ्लॅश उडाला.

पण खरा फोटो त्या खोलीत निघालाच नाही. तो बाहेर संगणकावर तयार झाला. माझा चेहरा पडद्यावर आला आणि गृहस्थांनी उंदराचे एक बटण दाबून तो सारवायला घेतला. मातीची भिंत चुन्याने सारवावी तसा माझा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत उजळत गेला. डाव्या गालावरचा तीळ गेला. लहानपणी फडावर पाचटाचे पाते लागून भुवईवर झालेला व्रण गेला. मी म्हटले, "अहो, तो तीळ माझा आहे." ते म्हणाले, "असू द्या ताई, त्याचे वेगळे पैसे घेत नाही."

आठ प्रती आणि संगणकावरची एक, मिळून शंभर रुपये झाले. शनिवारी गावी गेले तेव्हा एक प्रत आजीच्या हातात दिली. तिने ती उंबऱ्याजवळ उजेडात नेली, लांब धरली, जवळ धरली आणि कौतुकाने विचारले, "कुनाची गं ही? चांगल्या घरची दिसतीय!"

शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारे केंद्र म्हणजे एक टेबल, एक संगणक आणि बाहेर चाळीस मुलांची रांग. तिथे मला कळले की फोटोला लांबी-रुंदी असते तसे वजनही असते. फोटो पन्नास केबीच्या आत हवा. तिथल्या मुलाने माझा चेहरा दाबून दाबून अठ्ठेचाळीस केबीचा केला, तीस रुपये घेतले आणि अर्ज पाठवला. बारा दिवसांनी तो परत आला. शेरा होता : 'फोटो ओळखपत्राशी जुळत नाही.' मी संबंधित कचेरीत गेले. तिथल्या बाबूंनी पडद्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा पडद्याकडे पाहिले.

"ही कोण?"

"मी."

"बहीण आहे का तुझी?"

"नाही. मीच."

"मग तुझा स्वतःचा फोटो लाव ना!"

यात त्यांची चूक होती असे मी म्हणणार नाही. आजीने जे ओळखले नाही ते बाबूंनी तरी कसे ओळखावे?

दुसऱ्या खेपेला मी दुसऱ्या स्टुडिओत गेले आणि स्टुलावर बसण्यापूर्वीच सांगितले, "उजळायचे नाही. तीळ काढायचा नाही. आहे तसा द्या." तिथले फोटोग्राफर दुखावले. "नंतर तक्रार घेऊन यायचं नाही," असे म्हणत त्यांनी मला पांढऱ्या पडद्याला टेकवून बसवले आणि एकदाच बटण दाबले. फोटो आला तो असा : मागे शुभ्र प्रकाश आणि मधोमध शाईचा डाग. डागाला दोन डोळे होते, एवढ्यावरून तो मनुष्यप्राणी असावा असा अंदाज बांधता येत होता. पुन्हा शंभर रुपये, पुन्हा तीस रुपये. यावेळी बारा दिवस थांबावेच लागले नाही. फोटो चढवताक्षणी पडद्यावर लाल अक्षरे उमटली : 'चेहरा स्पष्ट नाही.'

म्हणजे पाहा : उजळवला तर तो माझा नाही आणि माझा असला तर तो चेहराच नाही! अर्जाची मुदत संपायला नऊ दिवस उरले होते. ती रक्कम बुडाली असती तर वसतिगृहाच्या दुसऱ्या सत्राची फी उचल म्हणून मुकादमाकडून आणावी लागली असती आणि उचल फेडायला आईवडिलांना आणखी एक हंगाम. त्यामुळे मला त्या दिवशी हसू आले नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवते.

पण हसू येणार होते. याच सुमारास गावाहून निरोप आला. आजीजवळची ती पहिली प्रत आत्याने पाहिली होती, मोबाइलवर तिचा फोटो काढला होता आणि चार ठिकाणी पाठवून दिला होता. त्यातल्या एका ठिकाणाहून उत्तर आले : मुलगी पसंत आहे, बोलणी करायला कधी येऊ? ज्या फोटोला कचेरीने 'ही तू नव्हेस' म्हणून नाकारले होते, त्याच फोटोला एका स्थळाने न भेटता होकार दिला होता! शिष्यवृत्तीला जो चेहरा खोटा ठरला, तो लग्नाला चालत होता. आत्याने मोठ्या उत्साहाने कारखान्याच्या तळावर वडिलांना फोन लावला. वडील सातवी शिकलेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "होकार फोटोला आलाय, पोरीला नाय. फोटोला देऊन टाका. पोरगी शिकतीय."

तिसरा फोटो माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने काढला, वसतिगृहाच्या व्हरांड्यात, सकाळी आठ वाजता, साध्या मोबाइलवर. दोरीवर एक पांढरी चादर टाकली. मला तिच्यापासून दोन पावले पुढे, उघड्या अंगणाकडे तोंड करून उभे केले. फोटोत मी आहे. तीळ आहे. व्रण आहे. मागची चादर जरा राखाडी आली आहे, पण चादरीला शिष्यवृत्ती नको होती. तिसऱ्यांदा तीस रुपये भरले आणि अर्ज पुढे सरकला.

इथे माझी हकीकत संपते आणि माझे मत सुरू होते.

पहिला प्रश्न असा की, दुसऱ्या स्टुडिओत माझा चेहरा काळाठिक्कर का आला? मी तेवढी काळी नाही. असते तरी मला त्याचे दुःख नाही. याचे कारण कॅमेऱ्याच्या गणितात आहे. कॅमेरा समोरच्या सगळ्या उजेडाची सरासरी काढतो आणि ती मध्यम राखाडी रंगाच्या बरोबरीने यावी, अशा बेताने प्रकाश आत घेतो. मागे झगझगीत पांढरा पडदा असला की त्याला वाटते, उजेड फार झाला. मग तो प्रकाश कमी करतो. पडद्याचे त्यात काही बिघडत नाही. मरतो तो समोरचा सावळा चेहरा. यावर उपाय जाणत्या फोटोग्राफरला ठाऊक असतो : मोजमाप चेहऱ्यावरून घ्यावे किंवा प्रकाश थोडा वाढवून घ्यावा, माणसाला पडद्यापासून दूर बसवावे आणि चेहऱ्यावर समोरून मऊ उजेड पाडावा. याला ना पैसे लागतात, ना पावडर. म्हणजे सावळा चेहरा स्पष्ट येत नाही, हे खरे नाही. तो घेण्याचे कष्ट कुणी घेत नाही, हे खरे आहे.

हा आळस आजचा नाही. फोटोग्राफीच्या जन्मापासूनची एक खोड त्यात दिसते. पॅरिसमध्ये दागेरची पद्धत ऑगस्ट १८३९ मध्ये जाहीर झाली. त्या काळी माणसाला इतका वेळ निश्चल बसावे लागे की मागून डोके लोखंडी चिमट्यात धरून ठेवीत. (माझी हनुवटी निदान चिमट्याविना हलत होती, एवढी प्रगती मान्य करते.) मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पिढीतले नावाजलेले छायाचित्रकार. पुढे राजा दीनदयाळ यांनी संस्थानिकांची आणि सरदारांची देखणी चित्रे काढली. पडद्यातल्या स्त्रियांसाठी त्यांनी १८९२ साली हैदराबादेत स्त्रिया चालवतील असा वेगळा स्टुडिओही उघडला होता. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी फोटोला असा हुकूम दिला, आणि फोटोने तो पाळला.

ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांचेही फोटो निघाले, पण त्यांना कुणी विचारले नाही. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड प्रसिद्ध केले. त्यांत हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे फोटो आहेत. पुष्कळ फोटोंखाली माणसाचे नाव नाही, जमातीचे नाव आहे. म्हणजे तिथे माणूस बसलेला नाही, नमुना बसलेला आहे. पुढे १८८० च्या दशकात पॅरिसच्या पोलीस खात्यात बर्तियों या अधिकाऱ्याने गुन्हेगारांचे समोरून एक आणि बाजूने एक असे ठरावीक फोटो घेण्याची रीत घालून दिली. पहिल्या महायुद्धाच्या काळात पासपोर्टावर फोटो सक्तीचे झाले. आज आपण फॉर्मवर लावतो त्या 'हसू नका, समोर पाहा' फोटोची कुळी अशी आहे. त्यात हसायला जागा नसते, याचे आश्चर्य वाटायला नको.

रंगाचीही एक गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोडॅक कंपनी रंगीत फोटो धुणाऱ्या प्रयोगशाळांना एक नमुना-कार्ड पुरवीत असे. त्यावर एका गोऱ्या स्त्रीचा फोटो असे. तिचा रंग बरोबर उतरला की यंत्र बरोबर, असा हिशेब. पहिल्या स्त्रीचे नाव शर्ली, म्हणून ती 'शर्ली कार्डे'. काळ्या माणसांचे चेहरे त्या हिशेबात नीट उतरत नसत. पुढे फिल्म सुधारली; आणि या सुधारणेला काळ्या माणसांच्या गाऱ्हाण्यांपेक्षा लाकडी सामान आणि चॉकलेट विकणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारी कारणीभूत झाल्या, असे त्या कंपनीतल्याच माणसांनी नंतर सांगितले आहे. कपाटाचा आणि चॉकलेटचा तपकिरी रंग नीट यायला हवा होता. माणसाच्या तपकिरी रंगाचे भाग्य कपाटामुळे उघडले!

आता फिल्म गेली आणि संगणक आला, म्हणून खोड गेली काय? २०१६ साली न्यूझीलंडमध्ये आशियाई वंशाच्या एका तरुणाचा पासपोर्टचा फोटो 'डोळे मिटलेले आहेत' म्हणून संगणकाने नाकारला होता. डोळे चांगले उघडे होते; संगणकाला तसले डोळे माहीत नव्हते. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधक स्त्रियांनी, चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के निघाले. गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. यंत्र जातपात मानत नाही, असे आपल्याला शाळेत सांगतात. यंत्राला ज्यांचे चेहरे जास्त दाखवले, त्यांना ते ओळखते. बाकीचे त्याच्या ओळखीचे नसतात, एवढेच.

मग सारा दोष यंत्राचा आणि स्टुडिओवाल्यांचा आहे का? तसे म्हणणे सोपे आहे, पण न्यायाचे होणार नाही. पहिल्या स्टुडिओतले गृहस्थ दुष्ट नव्हते. त्यांच्याकडे येणारी दहांतली नऊ माणसे 'जरा उजळ करा हो' असे स्वतःच सांगत असणार. माझ्या आत्याने तो फोटो चार ठिकाणी पाठवला, खरा पाठवला नसता. गोरेपणाच्या एका प्रसिद्ध क्रीमने १९७५ साली बाजारात पाऊल टाकले आणि २०२० साली आपल्या नावातला 'फेअर' हा शब्द काढून टाकला. डबीवरून शब्द गेला. आमच्या स्थळांच्या माहितीपत्रकांतून 'गोरी, सुंदर, घरकामात हुशार' अजून गेलेले नाही. स्टुडिओवाला आपल्या सगळ्यांच्या मनातले बटण दाबतो.

या विषयावर बोलताना मला दोन आक्षेप ऐकायला मिळाले. एका वर्गमित्राने म्हटले, "नटणे हा माणसाचा हक्क आहे. फोटोत चांगले दिसावेसे वाटले तर काय बिघडले?" काहीच बिघडले नाही. मी स्वतः स्नेहसंमेलनाला गजरा माळते. पण गजरा मी माळते आणि मी काढते. नटणे आणि बदलले जाणे यांत फरक आहे. नटलेल्या मुलीला तिची आजी ओळखते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : फोटोची एवढी कटकट कशाला, तो काढूनच टाका! हे मला मान्य नाही. दुसऱ्याच्या नावावर शिष्यवृत्ती आणि धान्य उचलण्याचे प्रकार आपल्याकडे घडलेले आहेत आणि अशा वेळी उपाशी राहतो तो गरीबच. त्याच्या हक्काला त्याचा चेहरा चिकटवलेला असणे हे त्याच्या हिताचे आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, आदिवासी स्त्री-पुरुषांना देण्यात आले, त्यामागचा हेतू हाच सांगितला गेला होता. मुकादमाच्या वहीत 'एक कोयता' म्हणून राहण्यापेक्षा दोन नावे आणि दोन चेहरे म्हणून राहणे केव्हाही चांगले. म्हणूनच तो चेहरा खरा हवा, आणि खरा असला तर स्वीकारला जायला हवा.

केवळ गाऱ्हाणे मांडून थांबणे मला आवडत नाही. आमच्याकडे गाऱ्हाणे सांगणाऱ्याला 'मग काय करू?' असे लगेच विचारतात. म्हणून चार सूचना करते.

एक : महाविद्यालयाने जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी आवारातच प्रत्येकाचा एक फोटो घ्यावा आणि तोच ओळखपत्र, ग्रंथालय, परीक्षा आणि शिष्यवृत्ती या सर्वांना वापरावा. त्याची संगणकावरची प्रत विद्यार्थ्याला मोफत द्यावी. गावाकडच्या मुलामुलींचे दोनशे नव्वद रुपये वाचतील, आणि त्यांच्या आयांची जवळजवळ एका दिवसाची मजुरी वाचेल.

दोन : फोटो नाकारायचा झाला तर कारण साध्या मराठीत एका ओळीत लिहावे : 'उजेड कमी आहे', 'फोटो बदलला आहे', 'कान झाकले आहेत'. 'चेहरा स्पष्ट नाही' हे कारण होत नाही. तो अपमान होतो. आणि यंत्राने नाकारलेला फोटो एखाद्या माणसाने पुन्हा पाहावा. यंत्राला सावळा चेहरा अनोळखी असेल. महाराष्ट्रातल्या कुठल्याही कचेरीतल्या माणसाला तो अनोळखी नाही.

तीन : स्टुडिओवाल्या काका-दादांना विनंती की, संगणकावर हात फिरवण्यापूर्वी एकदा विचारावे. "स्थळासाठी की फॉर्मसाठी" हे विचारताच, तसेच "उजळू की राहू दे" हेही विचारावे.

चार : आपण विद्यार्थ्यांनी 'राहू दे' म्हणावे. ही चौथी सूचना सर्वांत अवघड आहे, याची मला कल्पना आहे. ज्यांचा रंग घरात, शाळेत आणि एस.टी.तसुद्धा चेष्टेचा विषय झाला आहे, त्यांना एका बटणाने मिळणारे उजळपण नको म्हणायला जड जाते. पण माझा हा रंग मला फुकट मिळालेला नाही. वयाच्या सहाव्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत दर हिवाळा मी फडावर काढला, आईने तोडलेल्या उसाचे वाढे गोळा केले, ते ऊन या रंगात आहे. भुवईवरचा व्रण हा माझ्या जन्मतारखेइतकाच खरा दाखला आहे. शिष्यवृत्ती मला ज्या परिस्थितीसाठी मिळते, ती पुसून टाकलेला फोटो लावून ती मागायची, हे मला पटत नाही.

या सूचनांपैकी पहिली अमलात आणायला फार काही लागत नाही. कार्यालयासमोरच्या व्हरांड्यात सकाळच्या वेळी चांगला उजेड येतो, हे मी स्वतः पाहून ठेवले आहे. एक मोबाइल, एक स्टूल आणि एक पांढरी चादर एवढे पुरे. प्राचार्यांनी परवानगी दिली तर येत्या जूनमध्ये आम्ही वसतिगृहातल्या मुली दोन दिवस तिथे उभ्या राहू. स्टूल कार्यालयाने द्यावे. चादर मी आणते.